मेनू बनवला, मग दिसत का नाही?

स्वतःच वेबसाइट उभी करायला बसलेल्या माणसाचा फोन साधारण दुसऱ्या संध्याकाळी येतो. पहिली संध्याकाळ मजेत गेलेली असते. नाव विकत घेतलं, वर्डप्रेस बसवलं, दहा थीम पाहून अकरावी पसंत केली. दुसऱ्या दिवशी चार पानं लिहून झाली, मेनू तयार केला, ‘सेव्ह’ दाबलं, सेव्ह झाल्याचा निरोपही आला. साइट उघडून बघतो तर वरच्या कोपऱ्यात ‘सॅम्पल पेज’ जिथल्या तिथे आणि तळाशी इंग्रजीत, की ही साइट अभिमानाने वर्डप्रेसवर चालते. मग प्रश्न ठरलेला: “मेनू बनवला, सेव्हपण केला. मग दिसत का नाही?”

एका वाक्यातलं उत्तर असं, की मेनू बनवणं आणि मेनू लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण एवढं सांगून फोन ठेवला तर अर्ध्या तासाने परत वाजतो. म्हणून थोडं मागून सुरुवात करू. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं. अशा एका वाचनालयाची साइट मी करून दिली होती आणि पुढे येणाऱ्या बहुतेक चुका तिथे माझ्याच हातून झालेल्या आहेत.

१. वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि मधली जागा

वर्तमानपत्र हातात घ्या. वर नाव, तारीख, किंमत. मधला मजकूर रोज नवा. आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाला बारीक टाइपातली ती ओळ, जी सहसा कोणी वाचत नाही: हे पत्र अमुक मालकांकरिता तमुक यांनी या छापखान्यात छापून इथे प्रसिद्ध केले. ही ओळ हौसेची नव्हे. मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं १८६७ च्या कायद्यानेच बंधनकारक केलं होतं. कोण बोलतंय ते वर, त्याला गाठायचं कुठे ते खाली.

वेबसाइटचा हेडर म्हणजे ती वरची पट्टी आणि फूटर म्हणजे ती तळाची ओळ. फरक एकच, पण मोठा आहे. वर्तमानपत्राचं नाव पहिल्या पानावर एकदा मोठं छापलं की काम झालं, कारण वाचक पहिल्या पानावरूनच आत शिरतो. साइटवर तसं नसतं. कोणी गूगलवर ‘दिवाळी अंक योजना’ शोधतो आणि थेट त्याच पानावर येऊन पडतो. घराच्या दारातून न येता खिडकीतून स्वयंपाकघरात उतरल्यासारखं. तो कुठे आलाय आणि इथून पुढे कुठे जाता येईल, हे त्याला त्या पानावरच कळायला हवं. म्हणून हेडर, फूटर आणि मेनू प्रत्येक पानावर असतात.

प्रत्येक पानावर दिसतात याचा अर्थ प्रत्येक पानात लिहिलेले असतात असा मात्र नाही. पूर्वी हाताने पानं लिहायचे तेव्हा खरोखरच तसं होतं. चाळीस पानांची साइट असेल आणि फोन नंबर बदलला, तर चाळीस फायली उघडून चाळीस ठिकाणी तो बदलायचा, आणि एकेचाळिसाव्या, विसरलेल्या पानावर जुना नंबर वर्षानुवर्षं तसाच राहायचा. थीम ही कटकट संपवते. वरचा तुकडा एकदाच लिहून ठेवलेला असतो, तळाचाही एकदाच. कोणी पान मागितलं की वर्डप्रेस वरचा तुकडा आणतं, मध्ये त्या पानाचा मजकूर ठेवतं, खाली तळाचा तुकडा जोडतं आणि तयार पान पाठवतं. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये या तुकड्यांच्या फायलींची नावंच ‘हेडर.पीएचपी’ आणि ‘फूटर.पीएचपी’ अशी असतात.

म्हणजे हेडरमध्ये केलेला बदल सगळ्या साइटवर जातो. सोय तीच आणि धोकाही तोच. सभासदत्वाच्या पानावर बसून तुम्ही हेडरमधलं चित्र पुसलंत, तर ते फक्त त्या पानावरून जात नाही.

२. तुमची थीम कोणत्या पिढीची?

यूट्यूबवरचा धडा बघून माणूस पायरीपायरीने जातो आणि तिसऱ्या पायरीला अडकतो: “ते म्हणतात ‘मेनूज’वर क्लिक करा, माझ्याकडे ‘मेनूज’ नाहीच!” धडा चुकीचा नसतो, दुसऱ्या पिढीच्या थीमचा असतो.

वर्डप्रेस २००३ साली आलं. थीम नावाची व्यवस्था त्यात आली ती २००५ मध्ये. पण आज आपण ज्याला मेनू म्हणतो, म्हणजे हवी ती पानं हव्या त्या क्रमाने ओढून लावायची सोय, ती यायला जून २०१० उजाडलं. त्या ३.० आवृत्तीचं नाव होतं ‘थेलोनियस’. वर्डप्रेसवाले आपल्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देतात, हे जाता जाता. तोवर मेनू म्हणजे थीम बनवणाऱ्याने जे ठरवलं ते. मग जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आली आणि तिच्यासोबत नव्या घडणीच्या ‘ब्लॉक’ थीमचा रस्ता खुला झाला. त्यांच्यात हेडर आणि फूटरसुद्धा मजकुरासारखेच, डोळ्यांसमोर, तुकडे उचलून ठेवत बनवता येतात.

आज दोन्ही पिढ्या शेजारीशेजारी नांदतात. आपली कोणती, हे ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. साइटच्या आतल्या बाजूला, म्हणजे डॅशबोर्डवर, डाव्या पट्टीत रंगाच्या ब्रशचं चित्र असलेला पर्याय शोधा. इंग्रजीत तो ‘अपिअरन्स’. भाषा मराठी केली असेल तर शब्द बदलेल, ब्रश तोच राहील. त्याखाली ‘कस्टमाइझ’ आणि ‘मेनूज’ दिसले तर थीम जुन्या पिढीची. ‘एडिटर’ दिसला आणि ‘मेनूज’ गायब असेल तर नव्या पिढीची. एलिमेंटरसारखं पानं रचण्याचं वेगळं साधन बसवलेलं असेल, तर हेडर त्याच्या ताब्यात असण्याचीही शक्यता आहे. मग दोन्हीकडे शोधून उपयोग नाही, त्या साधनातच शिरायला हवं.

३. यादी आणि खुंटी

आता मूळ प्रश्नाकडे. एखाद्या खानावळीच्या मालकाने आजच्या पदार्थांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि गल्ल्याच्या खणात ठेवली. यादी तयार आहे, पण गिऱ्हाईकाला दिसत नाही, कारण ती भिंतीवरच्या खुंटीला लावलेली नाही. वर्डप्रेसचा मेनू ही नुसती यादी असते. ती कुठे लावायची ती जागा, म्हणजे खुंटी, थीम पुरवते. एखाद्या थीमला एकच खुंटी असते, एखादीला चार: वरची मुख्य, त्याहून वरची बारीक पट्टी, तळाची, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या चिन्हांची. खुंट्या किती आणि कुठे, हे थीम ठरवते. यादीत काय, हे तुम्ही.

जुन्या पिढीच्या थीममध्ये ‘मेनूज’च्या पानावर यादीला नाव देता, डावीकडच्या खणातून पानांवर खुणा करून ती यादीत घालता, ओढून क्रम लावता. एखादं नाव थोडं उजवीकडे सरकवलं की ते वरच्या नावाच्या पोटात जातं, म्हणजे त्याचा उपमेनू होतो. इथवर सगळे येतात. त्याच पानावर अगदी खाली ‘डिस्प्ले लोकेशन’ नावाच्या चौकोनी खुणा असतात, त्यांच्यापर्यंत मात्र नजर जात नाही. तिथे ‘प्रायमरी’ किंवा तत्सम नावापुढे खूण करून मग सेव्ह करायचं. दुसऱ्या संध्याकाळच्या फोनचं बहुतेक वेळा एवढंच उत्तर असतं.

मग ‘सॅम्पल पेज’ कुठून आलं? खुंटी रिकामी दिसली की बहुतेक थीम गप्प बसत नाहीत. साइटवर जी काही प्रसिद्ध पानं असतील त्यांची यादी त्या आपणहून लावून टाकतात. ‘सॅम्पल पेज’ हे वर्डप्रेससोबत येणारं नमुन्याचं पान प्रसिद्ध अवस्थेतच असतं, म्हणून तेही रांगेत येऊन उभं राहतं. तुमची यादी खुंटीला लागली की ही कामचलाऊ यादी आपोआप उतरते. नमुन्याचं पान तरीही काढून टाकाच. मेनूतून गेलं तरी शोधणाऱ्याला ते सापडू शकतं.

नव्या पिढीच्या थीममध्ये खुंट्यांच्या खुणा नसतात. ‘एडिटर’ उघडा, हेडरवर क्लिक करा. भोवती जांभळी चौकट दिसेल. जांभळा रंग म्हणजे इशारा समजा: हा तुकडा अनेक पानांवर वापरलेला आहे. हेडरमध्ये ‘नॅव्हिगेशन’ नावाचा ब्लॉक असतो, तीच इथली खुंटी. त्या ब्लॉकच्या पर्यायांत कोणती यादी लावायची ते निवडता येतं, किंवा तिथेच नावं वाढवता येतात. यादी निवडलेली नसेल तर इथेही तीच गंमत: सगळी पानं आपणहून येऊन उभी राहतात. सेव्ह करताना वर्डप्रेस काय काय बदललं त्याची यादी दाखवून विचारतं. त्यात ‘हेडर’ दिसला तर दचकू नका, पण वाचा. आपण हेडरला हात लावलाच नव्हता असं वाटत असताना तो तिथे दिसला, तर सेव्ह न करता मागे फिरा.

यादीत टाकायच्या नावांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक पुढे फार त्रास वाचवतो. एक, साइटवरचं पान निवडून टाकलेलं नाव. दुसरं, ‘कस्टम लिंक’, म्हणजे पत्ता हाताने लिहून टाकलेलं नाव. जुन्या पद्धतीच्या मेनूत पहिल्या प्रकारात वर्डप्रेस पानाची ओळख लक्षात ठेवतं. पानाचा पत्ता बदलला तरी दुवा बरोबर लागतो आणि पान कायमचं काढून टाकलं तर मेनूतलं नावही निघून जातं. दुसऱ्या प्रकारात ते फक्त तुम्ही लिहिलेला पत्ता पाठ म्हणतं. घर बदललं तरी पोस्टमन जुन्याच दारात उभा, आणि वाचकासमोर ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही. म्हणून कस्टम लिंक फक्त बाहेरच्या साइटसाठी वापरावी.

४. यादीत काय लिहायचं

इथवर बटणांचं झालं. मेनूचं खरं काम बटणं संपल्यावर सुरू होतं आणि इथेच मी सपशेल चुकलो होतो.

वाचनालयाच्या साइटसाठी समितीची बैठक झाली. सगळ्यांनी मिळून यादी ठरवली: मुखपृष्ठ, इतिहास, अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणी, देवघेव विभाग, संदर्भ विभाग, मुक्तद्वार विभाग, उपक्रम, वार्षिक अहवाल, छायाचित्र दालन, संपर्क. अकरा नावं. मी ती निमूटपणे लावली. दिसायला भारदस्त वाटत होती आणि सगळे खूश होते.

महिनाभराने ग्रंथपालबाईंना विचारलं, साइटमुळे फोन कमी झाले का? त्या म्हणाल्या, “छे हो. लोक साइट बघतात आणि मग फोन करतात.” काय विचारतात? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. रविवारी उघडं असतं का. अनामत किती, वर्गणी किती. अमुक पुस्तक आहे का. अभ्यासिकेत जागा आहे का. आणि गणपती झाले की एकच: दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होणार.

या पाचही प्रश्नांची उत्तरं साइटवर होती. वर्गणी ‘देवघेव विभाग’ या पानावर होती. पण ‘देवघेव’ हा वाचनालयाच्या आतल्या माणसांचा शब्द आहे. टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पुस्तक घरी न्यायचं असतं, त्याला विभागाचं नाव माहीत नसतं. आम्ही संस्थेचा आराखडा मेनू म्हणून टांगला होता आणि येणाऱ्याला आराखड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मग यादी नव्याने लिहिली: पुस्तक शोधा, सभासद व्हा, अभ्यासिका, दिवाळी अंक, वेळ आणि पत्ता, आमच्याविषयी. सहा नावं. मुखपृष्ठ काढून टाकलं, कारण हेडरमधल्या बोधचिन्हावर क्लिक केलं की माणूस मुखपृष्ठावर जातो आणि तसा दुवा थीम बहुधा देतेच. इतिहास, कार्यकारिणी, अहवाल आणि मनोगत ‘आमच्याविषयी’च्या पोटात गेले. अध्यक्षांना हे पटवायला एक संध्याकाळ आणि दोन चहा लागले. ‘दिवाळी अंक’ हे नाव वर्षातून चार महिने वर असतं, नंतर उतरवतात. मेनूतून नाव उतरवलं म्हणून पान पुसलं जात नाही, हे ग्रंथपालबाईंना एकदा करून दाखवलं. त्यानंतर त्या स्वतःच ते चढवतात-उतरवतात.

तुमच्या साइटचा मेनू ठरवायचा असेल तर समितीची बैठक शेवटी बोलवा. आधी फोन उचलणाऱ्या माणसाला विचारा.

‘मेनूत सातच नावं असावीत, माणसाच्या मेंदूला तेवढीच पेलतात’ असा एक नियम पुष्कळ जण ऐकवतात. त्यामागे जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा प्रसिद्ध लेख आहे. पण तो लेख माणूस एका वेळी किती गोष्टी ध्यानात धरू शकतो याबद्दल आहे. मेनू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. म्हणून सात या आकड्यात जादू नाही. मर्यादा आहे ती पडद्याच्या रुंदीची आणि वाचणाऱ्याच्या धीराची. नावं एका ओळीत मावली आणि प्रत्येक नाव वाचताच आत काय असेल ते कळलं, तर आठही चालतात. ‘इतर’, ‘माहिती’, ‘सेवा’ असली गोलमाल नावं असतील तर चारसुद्धा जास्त झाली.

उपमेनूच्या पोटात आणखी एक उपमेनू घालायची सोय असते. ती वापरू नका. संगणकावर माउस जरा घसरला की सगळी उतरंड मिटते आणि फोनवर तर माउसच नाही.

५. मराठी अक्षरांचे हाल

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. त्याचे चटके सर्वांत आधी हेडरमध्ये बसतात, कारण तिथे अक्षरं मोठी आणि जागा आखडलेली.

पहिला चटका फटीचा. इंग्रजी मेनूत अक्षरं सुटीसुटी दिसावीत म्हणून दोन अक्षरांमध्ये थोडी जागा सोडायची फॅशन आहे. तिला ‘लेटर स्पेसिंग’ म्हणतात. मराठीत तीच जागा शिरोरेषा तोडते. ‘वाचनालय’ हा शब्द भांडण झाल्यासारखा तुकड्यातुकड्यांत उभा राहतो. आपल्याला वाटतं फॉन्ट वाईट आहे आणि आपण फॉन्ट बदलत बसतो. फॉन्टचा दोष नसतो. थीमच्या टायपोग्राफीच्या पर्यायांत जाऊन लेटर स्पेसिंग शून्य करा, रेषा सांधली जाते.

दुसरा चटका उंचीचा. रोमन अक्षराला वर रफार-वेलांटी नाही आणि खाली उकार नाही. त्या हिशेबाने ओळीची उंची कमी ठेवली की आपल्या ‘कार्यकारिणी’चा रफार आणि ‘पुस्तक’चा उकार कापले जातात किंवा वरच्या-खालच्या ओळींत घुसतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवून पाहा, लागली तर थोडी वाढवा. देवनागरीसाठी मुद्दाम घडवलेले फॉन्ट घ्यावेत. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले फॉन्ट मोफत मिळतात. आणि सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्यामुळे पान मराठीत असल्याची नोंद पानाच्या आत होते. काही फॉन्टांमध्ये ही नोंद पाहूनच ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. अंधांसाठी पान वाचून दाखवणारी साधनंही याच नोंदीवरून उच्चार कोणत्या भाषेत करायचा ते ठरवतात.

तिसरी गोष्ट दिसत नाही, पण छळते: पानाचा पत्ता. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठी बनवतं. पण पत्त्यात देवनागरी अक्षर थेट साठवलं जात नाही. त्याच्या प्रत्येक घटकासाठी, म्हणजे मूळ अक्षर, काना, वेलांटी, हलन्त या प्रत्येकासाठी, नऊ-नऊ रोमन चिन्हं खर्ची पडतात. आणि पत्त्याच्या या भागाला मर्यादा आहे २०० चिन्हांची. हिशेब करून पाहू. पानाचं शीर्षक आहे ‘सभासद होण्यासाठी लागणारी कागदपत्रे’. ‘सभासद’मध्ये पाच घटक, म्हणजे ४५ चिन्हं. ‘होण्यासाठी’मध्ये दहा घटक, ९० चिन्हं. ‘लागणारी’मध्ये सात घटक, ६३ चिन्हं. मधल्या दोन जोडरेषांची दोन. बेरीज बरोबर २००. ‘कागदपत्रे’ला जागाच उरली नाही, पत्ता ‘लागणारी’पाशीच संपतो. लागणारी काय, ते गुलदस्त्यात. हाच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची माळ उमटते. म्हणून मेनूत जाणाऱ्या पानांना शीर्षक मराठीत द्यावं आणि पत्ता तेवढा छोटा, रोमन लिपीत द्यावा. ‘सभासद’ हा एक शब्द पुरे. हे पान बनवतानाच करावं, कारण नंतर पत्ता बदलला की लोकांनी पाठवून ठेवलेले दुवे अडचणीत येऊ शकतात.

६. तीन रेघा

फोनवर सहा नावं एका ओळीत मावत नाहीत, म्हणून मेनू मिटतो आणि त्याच्या जागी तीन आडव्या रेघा येतात. हे चिन्ह फोनच्या जमान्यातलं वाटतं, पण नॉर्म कॉक्स यांनी ते १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलं होतं. पोळी-भाजी-पोळी अशी थप्पी दिसते म्हणून त्याला सगळे हॅम्बर्गर म्हणतात. चिन्ह जुनं असलं तरी ते सगळ्यांनाच कळतं असं धरू नका. आमच्या वाचनालयाच्या साठी ओलांडलेल्या सभासदांपैकी कित्येकांना ती नक्षी वाटत होती. रेघांशेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहिला आणि प्रश्न मिटला. मिटलेल्या मेनूच्या बाहेर, हेडरमध्येच, ‘वेळ आणि पत्ता’ एवढा एक दुवा उघडा ठेवला तर आणखी बरं.

नव्या पिढीच्या नॅव्हिगेशन ब्लॉकमध्ये यासाठी तीन पर्याय मिळतात: कधीच मिटू नये, फक्त फोनवर मिटावा, किंवा नेहमीच मिटलेला असावा. मधला घ्या. मोठ्या पडद्यावर जागा असताना मेनू लपवणं म्हणजे दुकान उघडून शटर अर्धं खाली ठेवणं.

हेडर पानासोबत खाली सरकू न देता वर चिकटवून ठेवायची सोयही हल्ली असते. मोठ्या बोधचिन्हासकट चिकटवलेला हेडर फोनचा बराच पडदा खाऊन टाकतो, वाचायला उरते ती फट. चिकटवायचाच असेल तर बारीक पट्टीचा असावा. बोटाला मात्र पुरेशी जागा ठेवा. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या जागतिक निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल धरला आहे. तो किमान आहे. कापरं बोट असलेल्या माणसाला दुप्पटही कमी वाटेल.

७. तळाशी काय असावं

पान तळापर्यंत वाचत आलेला माणूस एक तर समाधानाने आलेला असतो, नाहीतर जे हवं ते वर न सापडल्याने. दोघांनाही फूटर उपयोगी पडायला हवा. आमच्या फूटरमध्ये चार गोष्टी राहिल्या: पूर्ण पत्ता आणि दाबताच लागणारा फोन नंबर; उघडण्याच्या वेळा, सुट्टीच्या वारासकट; शासनमान्य ग्रंथालय असल्याचा उल्लेख वर्गासह; आणि कार्यकारिणी, अहवाल यांचे ते दुवे, जे वर ‘आमच्याविषयी’च्या पोटात गेले होते. संस्थेला अहवाल दाखवावाच लागतो आणि ज्याला तो हवा असतो तो तळ गाठतोच.

गोपनीयता धोरणाचा दुवाही इथेच. मे २०१८ मध्ये युरोपात माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्या सुमारास वर्डप्रेसने अशा पानाचा मसुदा सोबत द्यायला सुरुवात केली. तो इंग्रजी मसुदा जसाच्या तसा प्रसिद्ध करू नका. आपण सभासदाकडून नाव, फोन आणखी काय घेतो आणि त्याचं काय करतो, ते चार मराठी वाक्यांत लिहा.

‘प्राउडली पॉवर्ड बाय वर्डप्रेस’ काढलं तर चालतं का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. चालतं. वर्डप्रेस मुक्त परवान्याखाली आहे आणि ती ओळ ठेवण्याची सक्ती तो परवाना करत नाही. आणि सर्वाधिकाराच्या चिन्हापुढे साल लिहायचं असेल तर ते दर जानेवारीत बदलण्याची जबाबदारी कोणावर तरी टाका. ‘© २०१९’ असं तळाला दिसलं की वाचनालय चालू आहे की बंद पडलं अशी शंका येते. आम्ही साल लिहिलंच नाही.

८. बदल केला, तो गेला कुठे?

बदल करूनही साइट जुनीच दिसते, तेव्हा आधी कॅशकडे बघा. साइट पटकन उघडावी म्हणून तयार पानाची एक प्रत बाजूला ठेवलेली असते, ब्राउझरमध्ये किंवा सर्व्हरवर. सकाळी भरून ठेवलेल्या थर्मासमधला चहा दुपारी ओतावा तसं तुम्हाला जुनंच पान मिळतं. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून बघा. तिथेही जुनंच असेल तर कॅशचं जे प्लगइन बसवलंय त्यात जाऊन ती प्रत रिकामी करा.

याच्या उलटा प्रकार जास्त दुखतो. बदल दिसतो, महिनाभर टिकतो आणि एक दिवस नाहीसा होतो. हे होतं ते थीमची हेडर.पीएचपी फाइल उघडून तिच्यात थेट लिहिलेलं असलं तर. थीमची नवी आवृत्ती आली की सगळ्या फायली नव्या येतात आणि तुमचं लेखन जुन्या फाइलसोबत जातं. त्यावर तोडगा म्हणजे ‘चाइल्ड थीम’. मूळ थीमच्या शेजारी एक छोटी थीम बनवायची आणि बदललेली फाइल तिच्यात ठेवायची. वर्डप्रेस आधी तिच्यात बघतं, तिथे नसेल ते मूळ थीममधून घेतं. नव्या पिढीच्या एडिटरमध्ये केलेले बदल फाइलमध्ये जात नाहीत, डेटाबेसमध्ये राहतात. म्हणून ते टिकतात आणि बिघडलंच तर मूळ रूपावर परतही जाता येतं.

आणि मग काही महिन्यांनी त्याच माणसाचा दुसरा फोन येतो, या वेळी घाबरलेला: “थीम बदलली आणि मेनू गेला!” गेलेला नसतो. यादी डेटाबेसमध्ये जशीच्या तशी आहे. जुन्या थीमसोबत गेली ती खुंटी. नोव्हेंबर २०१७ च्या ४.९ आवृत्तीपासून वर्डप्रेस नव्या थीममधली मिळतीजुळती खुंटी शोधून यादी आपणहून लावायचा प्रयत्न करतं, पण नावं फार वेगळी असली तर त्याला ती सापडत नाही. ‘मेनूज’मध्ये जा, यादी तिथेच असेल, खाली नवी जागा निवडा, सेव्ह करा. नवी थीम ब्लॉकची असेल तर नॅव्हिगेशन ब्लॉकच्या पर्यायांत जुन्या मेनूची यादी दिसते. ती निवडली की ब्लॉक ती उचलून घेतो. एवढं सांगून होईपर्यंत पलीकडून बहुधा आवाज येतो, “आलं, आलं,” आणि फोन ठेवला जातो.